बेगोनियाच्या पानांची हजेरी

शिक्षक निवृत्त झाला की त्याच्या हातातला खडू जातो, पण तोंडाची सवय जात नाही. चिखलीच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि घरी बसलो तर ऐकायला एकटी बायको. तिनं पहिल्याच महिन्यात बजावलं, "हे पाहा, मी काही तुमचा आठवी 'ब'चा वर्ग नाही." त्यात माझा स्वभाव तापट. नाकावर माशी बसू देत नाही, आणि बसलीच तर तिचं वर्गीकरण सांगितल्याशिवाय तिला सोडत नाही. त्यामुळे एका श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी लोणच्याची प्लास्टिकची बरणी हातात धरून दारात उभी राहिली, तेव्हा जास्त आनंद मला झाला की बायकोला, हे सांगणं कठीण आहे.

मुलगी जानेफळकडची, शेतकऱ्याच्या घरची. शिकत शिकत कुठल्या कुठे गेली आणि झाडांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत लागली. बरणीत लोणचं नव्हतं, रोप होतं. बोटाएवढं जाड, लवदार खोड मातीवर आडवं पसरलेलं, आल्याचा गड्डा वर उघडा पडावा तसं. त्यावर चार पानं. प्रत्येक पान एका अंगानं मोठं, दुसऱ्या अंगानं लहान, वरून हिरव्यात चांदीची झाक, आणि उलटून पाहिलं तर खालून भरताच्या वांग्याचा रंग. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बेगोनिया आहे सर," ती म्हणाली. "पण बागेतला नाही, जंगलातला. चुनखडीच्या उभ्या कड्यावर, दगडाच्या भेगेत वाढतो. सावली पाहिजे, हवेत ओल पाहिजे, आणि मुळाशी पाणी साचायला नको."

"मग तिथून आणखी आणता येईल की."

"तो कडाच राहिला नाही सर. फोडला. सिमेंटला गेला. संस्थेत दोन रोपं होती, ती कुजली. हे मी एका पानापासून वाढवलंय. मी वर्षभर परदेशात चालले शिकायला. परत आले की याच्यावरच पुढचं सगळं काम आहे. हे गेलं तर मग काहीच नाही."

घरी का नाही ठेवलंस, विचारलं, तर म्हणाली, घरी बकऱ्या आहेत. तिची आई म्हणाली म्हणे, "मी बकऱ्यांले काय सांगू, हे नोका खाऊ, हे आमच्या पोरीच्या अभ्यासाचं हाय?" मग मान खाली घालून मुलगी म्हणाली, "तुमच्याशिवाय कुणाकडे ठेवू सर?"

झालं. या एका वाक्यानं मी असा फुगलो की रात्री जेवताना बायको म्हणाली, "सदऱ्याची बटणं तुटतील, जरा बेतानं."

खरं म्हणजे त्या मुलीनं माझ्याकडे विश्वासानं काही ठेवावं असं मी फारसं केलेलं नव्हतं. आठवीत असताना शाळेच्या बागेतल्या पानफुटीचं पान खुडताना मी तिला रंगेहाथ पकडलं होतं. आदल्याच दिवशी वर्गात शिकवलं होतं की पानफुटीच्या एका पानाच्या कडेवर नवी रोपं फुटतात. ते ऐकून तिनं पान तोडलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पान जप्त केलं आणि 'मी चोरी करणार नाही' हे तिच्याकडून शंभर वेळा लिहून घेतलं. ते आठवलं की आजही मला चोरट्यासारखं वाटतं. पण त्या दिवशी आठवलं नाही, कारण मी फुगलेला होतो.

बेगोनिया ओसरीच्या सावलीच्या कोपऱ्यात, स्टुलावर विराजमान झाला. घरात फर्मान निघालं: या झाडाला माझ्याशिवाय कुणी पाणी घालायचं नाही. बायको तांदूळ धुतलेलं पाणी सगळ्या कुंड्यांना फिरवते, ते याला वर्ज्य. शाळेतून निघताना आणलेलं एक कोरं हजेरीपत्रक कपाटात होतं, ते काढलं, डाव्या रकान्यात पानांचे क्रमांक टाकले आणि रोज सकाळी आठ वाजता हजेरी सुरू केली. पान क्रमांक एक, हजर. दोन, हजर. तीन, हजर पण मान खाली. नवीन पान उलगडलं की 'नवीन प्रवेश' म्हणून नोंद. बायको चहाचा कप ठेवता ठेवता विचारायची, "गृहपाठ केला का सगळ्यांनी?"

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. दर्शनाला गल्लीतल्या बायका येतात, ओसरीवर गर्दी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेतली तर पान क्रमांक पाच गैरहजर. गळून पडलं म्हणावं तर खाली नाही. देठ नखानं खुडलेला स्वच्छ दिसत होता. मी अख्खं घर डोक्यावर घेतलं.

बायको आंबिलाचं पातेलं घासत होती. म्हणाली, "कुण्या बाईनं नेलं असेल. त्यात एवढं काय?"

"चोरी आहे ही."

"चोरीच लागते. झाड मागून नेलं तर लागत नाही, न सांगता उचललं तरच लागतं. इथं सगळ्या बायांचं असंच आहे. आपल्या अंगणातली जास्वंद कुठून आली असं वाटतं तुम्हाला? तुमच्या हेडमास्तरांच्या फाटकातून आणली मी, त्यांच्या डोळ्यांदेखत."

मी जन्मभर ज्या जास्वंदीचं फूल फाडून मुलांना पुंकेसर दाखवले, ती चोरीची निघाली. यावर काय बोलावं सुचेना, म्हणून मी अंधश्रद्धेवर बोललो. पातेलं घासून झालं तरी बोलत होतो.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. या वेळी मी तयारीत होतो. आतल्या खोलीच्या खिडकीशी खुर्ची टाकली आणि परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तसा बसलो. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वहिनी आल्या. त्यांच्याकडे गावाबाहेर भाजीचा मळा आहे. मेथी असो, कोथिंबीर असो, जुडी भिंतीवरून आमच्या घरात यायची, कधी मागावी लागली नाही. वाणाची देवघेव चालू असताना वहिनी वाकल्या, बेगोनियाच्या खोडाचा पेरभर तुकडा अंगठ्याच्या नखानं अलगद तोडला आणि सुपारीच्या बटव्यात टाकला. हात इतका सफाईदार की कॉपी पकडण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला मनात दाद द्यावी लागली.

पण दाद मनातच राहिली. मी तरातरा बाहेर आलो आणि पंधरा बायकांसमोर म्हणालो, "वहिनी, बटवा दाखवा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, हातातलं वाण माझ्या बायकोच्या ओटीत नीट घातलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बटव्यासकट निघून गेल्या. त्या दिवसापासून भिंतीवरून कोथिंबीर यायची बंद झाली. बायको माझ्याशी कामापुरतं बोलू लागली, आणि कामं तरी मला कितीशी असणार.

मी मात्र हट्टाला पेटलो होतो. माझं काय चुकलं? परक्याची ठेव होती, मी राखली. हजेरीपत्रकात चौदा पानं झाली होती, दर पंधरा दिवसांनी मुलीला फोटो पाठवत होतो आणि ती तिकडून लिहायची, "सर, तुम्हीच करू जाणे." मी तो फोन बायकोच्या समोर मुद्दाम उघडा ठेवून जायचो.

चैत्रात ऊन चढलं. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे भांड्यातलं पाणीसुद्धा वैतागतं. बेगोनियाच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. कूलरसमोर ठेवून पाहिला, ओलं गोणपाट गुंडाळून पाहिलं, एक ना दोन. हजेरीपत्रकात रोज एकदोन लाल फुल्या पडू लागल्या. एक दिवस जेवण झालं, पानाचा डबा पुढे ओढला, विड्याला चुना लावता लावता बोट तसंच थांबलं. हे झाड कुठलं? चुनखडीच्या कड्यावरचं. मग आपण त्याला चुना कुठे देतो? मला स्वतःचाच अभिमान वाटला. डबीतला चुना तांब्याभर पाण्यात चांगला ढवळला, दोन चमचे जास्तीचा घातला आणि झाडाच्या मुळाशी ओतला.

तिसऱ्या दिवशी पानं उकडलेल्या पालकासारखी झाली. चौथ्या दिवशी खोड हाताला लागताच काळा लगदा झालं. चुनखडी वेगळी आणि पानात लावायचा विरवलेला चुना वेगळा, एक निरुपद्रवी दगड आणि दुसरा जाळणारा आम्लारी, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. न येणाऱ्याला बाकावर उभं करत असे. मी कुंडीपाशी जमिनीवर बसलो आणि रडलो. झाडासाठी रडलो असं म्हणता आलं असतं, पण खरं सांगायचं तर लाज वाटली म्हणून रडलो. त्या मुलीचं वर्षभराचं नव्हे, पुढचं सगळं काम मी एका तांब्यात बुडवलं होतं.

आणि यानंतर मी जे केलं ते सांगायला सगळ्यांत जड जातं. मी तिला जुने फोटो पाठवायला लागलो. माघातला एक, फाल्गुनातला एक. तिचा निरोप आला, "सर, चौथ्या पानाची फाटकी कड तशीच आहे, आणि खिडकीत संक्रांतीचे तिळगुळाचे डबे अजून दिसतात. नवीन फोटो काढाल का?" मी लिहिलं, उन्हामुळे वाढ मंदावली आहे. तिळगुळाच्या डब्यांचं काहीच लिहिलं नाही.

बायकोनं ते वाचलं. तिनं कपाळाला हात लावला नाही की काही नाही, एवढंच म्हणाली, "वहिनींकडे जा. त्यांनी नेलं होतं ते लागलं असेल."

"मी त्या चोराच्या दारात जाऊ?"

"चोर परवडला. त्यानं नुसतं नेलं. तुम्ही तर मारलंच."

मी टोपी घातली आणि भर दुपारी, डांबर चपलेला चिकटत होतं अशा उन्हात, शेजारच्या फाटकातून आत गेलो. चार पावलांचं अंतर, पण मला ते जड गेलं. वहिनी परसात बाजेवर पापड वाळत घालून कावळे हाकत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी काठी खाली ठेवली नाही.

"या जी गुरुजी. बटवा आनू का?"

"वहिनी, माझं चुकलं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी बहुधा दुसऱ्यांदाच उच्चारले असतील. "चार बायकांत मी तुमचा अपमान केला."

त्यांनी एक पापड उलटला, मग दुसरा. "घरी येऊन मले रडू आलं व्हतं, गुरुजी. एवढ्याशा तुकड्यासाठी. मी काय सोनं नेऊन राह्यली व्हती?"

"नाही. पण माझ्या हातून ते झाड मेलं. चुना घातला मी त्याला, विड्याचा."

वहिनींची काठी हातातच राहिली. "विड्याचा चुना? झाडाले?" आणि मग त्यांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत होते. "अन् मले बटवा मांगत व्हते." हसून झाल्यावर त्यांनी काठीनं परसाच्या टोकाकडे दाखवलं. "पाहा नं हिरीत. डोळे हायेत नं तुमाले."

परसाच्या टोकाला उंबराखाली त्यांची जुनी विहीर आहे. नळ आल्यापासून तिच्यात कुणी पोहरा टाकत नाही. मी कठड्यावरून वाकलो. बाहेर अंग भाजत होतं आणि विहिरीतून गार, ओला वारा तोंडावर आला. खाली, हात लांबवला तर पोचेल अशा उंचीपासून पाण्याकडे उतरत, दगडांच्या सांध्यासांध्यांत चांदीची झाक असलेली हिरवी पानं लगडली होती. एका बाजूनं मोठी, एका बाजूनं लहान. काही माझ्या पंजाएवढी. आडवं खोड दगडाला धरून सरळ पुढे चाललं होतं.

मी वाकलेलाच राहिलो. उभा दगड. दगडांच्या सांध्यात पूर्वीच्या गवंड्यांनी भरलेला, वर्षानुवर्षं हवा खाऊन पुन्हा दगड झालेला चुना. दिवसभर सावली, पाण्याची वाफ, आणि उभी भिंत म्हणून मुळाशी थेंब थांबत नाही. मुलीनं दारात उभं राहून जे जे सांगितलं होतं ते सगळं माझ्या भिंतीपलीकडे होतं, आणि मी स्टुलावर हजेरी घेत बसलो होतो.

"हे इथं लावायचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगते कोन? महालक्ष्म्यांत नेलं ते पान हातात घेतलं त ते थंडावा मांगून राह्यलं व्हतं. माह्या घरी थंड जागा एकच हाय."

मी मान डोलावली. मग धीर करून म्हणालो, "यातलं थोडं द्याल?"

"नाही."

"वहिनी—"

"देत नसते जी. देलेलं लागत नाही. मंग तुमीच म्हनान, बाईनं खराब झाड देलं." त्या उठल्या, बाजेच्या पलीकडे गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. "मी पापडं पाहून राह्यली. माह्ये डोळे इकडं हायेत."

मला कळायला वेळ लागला. बायकोला लागला नाही. ती माझ्या मागोमाग कधी आली कोण जाणे, तिनं माझ्या सदऱ्याचा शेव घट्ट पकडला आणि म्हणाली, "वाका." जन्मभर पोरांचे खिसे तपासलेला मी, कठड्यावर पोट टेकून, विहिरीत अर्धा लोंबकळत शेजाऱ्याचं झाड चोरायला लागलो. नख लावून तोडायला गेलो तर तुटेना. सवय नव्हती. मागून वहिनींचा मोठ्यानं आवाज आला, "चोट्ट्या, दिसून राह्यला बरं मले." तो कावळ्याला होता की मला, हे मी आजवर विचारलेलं नाही. तुकडा हातात आला तेव्हा मला हसू येत होतं. टोपी मात्र विहिरीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर कोथिंबिरीची जुडी होती. विहिरीच्या कडेला पडलेल्या जुन्या चुन्याच्या खपल्या मी वेचून आणल्या, मातीच्या परळात भरल्या, त्यात तुकडा खोचला आणि न्हाणीजवळच्या गार कोपऱ्यात ठेवला. लागला. त्याच संध्याकाळी मुलीला सगळं लिहून टाकलं: चुना, जुने फोटो, तिळगुळाचे डबे, विहीर. तिचं उत्तर एका ओळीचं आलं, "सर, मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका." यातून ती रागावली आहे की कसं, काही कळेना. पुढचे तीन महिने मला अन्न गोड लागलं नाही, जरी बायकोच्या मते मी पोळ्या नेहमीएवढ्याच खात होतो.

श्रावणात ती आली. चहा घेतला नाही, बसली नाही. सरळ वहिनींच्या परसात गेली आणि विहिरीच्या कठड्यावर पालथी पडली. आम्ही तिघं मागे उभे. पावसानं भिंत हिरवीगार झाली होती आणि पानांतून बारीक गुलाबी फुलं वर आली होती. ती बराच वेळ उठली नाही. मला वाटलं, आता उठेल आणि काहीतरी बोलेल, आणि ते मला ऐकावं लागेल.

ती उठली तेव्हा डोळे ओले होते आणि तोंडभर हसू होतं. "सर," ती म्हणाली, "फुलावर आलेलं मी अजून एकदाही पाहिलं नव्हतं हे. संस्थेच्या काचघरात कधी फुललंच नाही." मग वहिनींकडे वळून म्हणाली, "काकू, यातलं एक रोप मला द्याल? माझं सगळं काम आहे यावर."

मी घाईघाईनं म्हणालो, माझ्या परळातलं ने. ती म्हणाली, "ते राहू द्या सर. हजेरीला कुणीतरी पाहिजे तुम्हाला."

वहिनी म्हणाल्या, "देत नसते वं बाई," आणि भाजीची टोपली पुढे ओढून, विहिरीकडे पाठ करून बसल्या. बायको त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मुलगी हात अर्धवट पुढे करून थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. तोच चेहरा, आठवीतला, पानफुटीपाशी पकडलेला.

"सर," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही एकच पान जप्त केलंत. दुसरं माझ्या कंपासात होतं. जानेफळच्या घराला सगळीकडून लागलंय आता. बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत."

मी विहिरीकडे पाठ फिरवली. मागे ओला देठ कट्टकन तुटल्याचा आवाज आला. तीस वर्षं असा आवाज आला की मी गर्रकन वळायचो. मी वहिनींच्या टोपलीतलं एक वांगं उचललं, उजेडात धरलं आणि विचारलं, यंदा कीड कितपत आहे.